अप्रेजलच्या फॉर्ममधला शेवटचा रकाना : व्यवस्थापकांना खुले पत्र

प्रति,
सर्व वरिष्ठ व्यवस्थापक, विभागप्रमुख आणि मनुष्यबळ विभागातील मंडळी

विषय : ‘नेमून दिलेल्या कामापलीकडचे योगदान’ या रकान्याबाबत

सप्रेम नमस्कार,

वार्षिक मूल्यमापनाचे फॉर्म पुन्हा टेबलावर आलेत. मी मधल्या फळीतला माणूस, त्यामुळे या फॉर्मशी माझा दुहेरी संबंध येतो. माझा फॉर्म माझे साहेब भरतात आणि माझ्या हाताखालच्या माणसांचे मी भरतो. टार्गेट, हजेरी, प्रशिक्षण हे रकाने चहा संपायच्या आत भरून होतात. घोडं अडतं ते शेवटच्या रकान्यापाशी. कुठे त्याला ‘ओनरशिप’ म्हणतात, कुठे ‘पुढाकार’, तर कुठे सरळ ‘अपेक्षेपेक्षा जास्त योगदान’. नाव काहीही असो, प्रश्न एकच असतो : सांगितलं नव्हतं असं काय केलंस? आणि पुढे एक ते पाच आकडे, त्यातल्या एकाला गोल करायचा.

माझी तक्रार या एका रकान्यापुरती आहे. तो चुकीच्या माणसाच्या फॉर्मवर छापलेला आहे. एखादा कर्मचारी नेमून दिलेल्यापलीकडे काही करतो की नाही, ही त्याच्या अंगची गोष्ट आहे असं तुम्ही धरून चालता. म्हणून मुलाखतीत ‘टीम प्लेअर’ शोधता, नाही सापडला तर ‘अ‍ॅटिट्यूड प्रॉब्लेम’ लिहून मोकळे होता. या समजाला संशोधनाचा आधार फारसा नाही. डेनिस ऑर्गन आणि कॅथरीन रायन यांनी १९९५ मध्ये तोवरचे ५५ अभ्यास एकत्र करून पाहिले. समाधान, न्यायाने वागवलं जातंय ही भावना, संस्थेबद्दलची आस्था आणि वरिष्ठाचा पाठिंबा या गोष्टींचा अशा जास्तीच्या कामाशी ठळक संबंध दिसला. स्वभावाच्या मोजमापांचा तितका दिसला नाही. काटेकोरपणा हा एक गुण तेवढा अपवाद. थोडक्यात, या रकान्यात जो आकडा पडतो त्यातला मोठा वाटा माझा, माझ्या साहेबांचा आणि तुमचा असतो. गोल मात्र त्याच्या नावापुढे होतो.

आधी एक गैरसमज बाजूला करतो. उशिरापर्यंत बसणं म्हणजे जास्तीचं योगदान नव्हे. साहेबांची केबिन बंद होईपर्यंत स्क्रीनकडे बघत बसणारे सगळ्यांनीच पाहिलेत, आणि ते काय करत असतात हेही सगळ्यांना ठाऊक आहे. मी ज्याबद्दल बोलतोय ते काम पाच-दहा मिनिटांचं असतं आणि बऱ्याचदा कुणाच्या डोळ्यांवरही येत नाही. शिफ्ट संपताना रजिस्टरमध्ये ‘तीन नंबरचं मशीन आवाज करतंय, लक्ष ठेव’ अशी एक ओळ खरडून जाणं. अर्ज सहीअभावी परत येणार हे दिसल्यावर तो पुढे ढकलण्याऐवजी अर्जदाराला फोन करणं. दुसऱ्या विभागाच्या तक्त्यात चुकीचा आकडा दिसला तर ‘आपल्याला काय करायचंय’ न म्हणता कळवणं. नव्या मुलाला सिस्टीममधल्या खाचाखोचा दाखवणं, आणि त्या दाखवताना त्याला बावळट न ठरवणं.

ऑर्गन यांनी १९८८ मध्ये अशा वागण्याची जी व्याख्या केली तीत तीन गोष्टी होत्या : ते स्वेच्छेचं असतं, बक्षिसाच्या औपचारिक व्यवस्थेत त्याची थेट दखल नसते, आणि सगळं मिळून त्याने संस्थेचा गाडा सुरळीत चालतो. दुसरी अट पुन्हा वाचा. औपचारिक व्यवस्थेत दखल नसलेलं. म्हणजे आपण ज्या दिवशी त्याचा रकाना छापला त्याच दिवशी ते काहीतरी वेगळं झालं. (ऑर्गन यांनीच पुढे, १९९७ मध्ये, ही व्याख्या सैल केली, कारण वरिष्ठ मंडळी बढती-पगारवाढीत या गोष्टी मनातल्या मनात मोजतातच. ते खरंच आहे, मीही मोजतो. पण मनात मोजणं आणि मागणी करणं यात फरक आहे.)

हे काम दिसत नाही म्हणून ते किरकोळ आहे असं मात्र समजू नका. डॅनियल कॅट्झ यांनी १९६४ मध्येच लिहून ठेवलंय की जी संस्था फक्त नेमून दिलेल्या वागण्यावर विसंबते ती फार तकलादू असते. पटत नसेल तर कामगार संघटनांना विचारा. ‘नियमानुसार काम’ हे आंदोलन त्यांच्या भात्यात उगाच नाही. संप नाही, घोषणा नाहीत, कुणी गैरहजर नाही. प्रत्येक जण नियमपुस्तिकेत लिहिलंय तेवढंच आणि तसंच करतो, आणि काम ठप्प होत जातं. तुमचेच नियम, शब्दशः पाळलेले. कारवाई कशाच्या आधारावर करणार?

एका बिलिंग विभागातली गोष्ट मी जवळून पाहिलेली आहे. तिथे एक बाई होत्या, बोलायला जरा फटकळ, कामाला चोख. त्यांच्याकडे लांबट आकाराची, पुठ्ठ्याच्या बांधणीची एक वही होती. कोणत्या ग्राहकाला खरेदी आदेशाचा क्रमांक बिलाच्या अगदी वरच हवा, कोणाकडे पंचवीस तारखेनंतर बिलं घेतच नाहीत, कोणाला चलनाची जोडप्रत लागते, कोणत्या अकाउंटंटला दुपारनंतरच फोन करायचा, हे सगळं तीत ग्राहकवार लिहिलेलं. सिस्टीममध्ये यातलं काहीच नव्हतं. वही ठेवा असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. बिल परत आलं की कारण वहीत जायचं, आणि तेच कारण पुन्हा सहसा यायचं नाही.

मग नवे विभागप्रमुख आले. पहिल्याच आढावा बैठकीत त्यांनी ती वही उचलून सगळ्यांसमोर विचारलं, ‘हे कुणी करायला सांगितलं होतं? सिस्टीमच्या बाहेर काहीही ठेवायचं नाही.’ सिस्टीमबाहेर माहिती ठेवू नये हे तत्त्व म्हणून बरोबरच आहे. पण वहीतली माहिती सिस्टीममध्ये कशी आणायची हे कुणी विचारलं नाही, आणि इतकी वर्षं ही वही कशाला ठेवली हेही नाही. बाईंनी वही ड्रॉवरमध्ये टाकली. भांडण नाही, तक्रार नाही. त्यानंतर बिलं सिस्टीमप्रमाणे जाऊ लागली आणि ग्राहकांकडून परत येऊ लागली. बाईंच्या नावावर एकही चूक नव्हती, कारण सिस्टीमप्रमाणे बिल बिनचूक होतं. वर्षअखेरीस त्यांच्या फॉर्मच्या शेवटच्या रकान्यात लिहिलं गेलं : पुढाकाराचा अभाव.

हात राखून काम करणं म्हणतात ते हेच. ते बहुतेक वेळा आळसातून येत नाही, हिशेबातून येतं. आणि हिशेब कसा होतो हे अभ्यासकांनी बऱ्यापैकी उलगडलेलं आहे. अल्विन गोल्डनर यांनी १९६० मध्ये परतफेडीच्या नियमाबद्दल लिहिलं : जो आपल्याला मदत करतो त्याला मदत करावी, निदान त्याचं वाईट करू नये, ही अपेक्षा जवळजवळ प्रत्येक समाजात असते. पीटर ब्लाउ यांनी १९६४ मध्ये त्यात एक भेद दाखवला. पगार आणि काम हा आर्थिक व्यवहार. किती, कधी, कशाच्या बदल्यात, सगळं ठरलेलं. दुसरा व्यवहार सामाजिक. त्यात उपकार होतो, पण फेड कधी आणि कशाने करायची हे ठरलेलं नसतं. ते समोरच्यावर सोडलेलं असतं आणि सगळं विश्वासावर चालतं. नेमणूकपत्र पहिल्या व्यवहाराचं असतं. बाईंची वही दुसऱ्या व्यवहारातली होती.

पण हा दुसरा व्यवहार कुणाशी? संस्था म्हणजे तर नोंदणी क्रमांक, इमारत आणि लेटरहेड. इथे १९८६ साली रॉबर्ट आयझेनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेला मुद्दा कामाला येतो. कर्मचारी संस्थेकडे एखाद्या माणसाकडे पाहावं तसं पाहतात. तिला आपल्या कामाची किंमत आहे का, आपल्या बऱ्यावाईटाची पर्वा आहे का, याबद्दल त्यांचं एक सरसकट मत बनत जातं. ‘कंपनीने मला अडचणीत सांभाळलं’ किंवा ‘संस्थेने वापरून घेतलं’ असं आपण बोलतोच की. पुढे २००१ मध्ये त्यांनी टपाल कर्मचाऱ्यांवर केलेल्या अभ्यासात यातली मधली कडी दिसली. पाठबळ मिळतंय असं ज्यांना जाणवत होतं त्यांना संस्थेचं आपण काही देणं लागतो असंही जास्त वाटत होतं, आणि संस्थेबद्दलची आस्था व सांगितल्यापलीकडचं काम या देण्याच्या भावनेशी जोडलेलं होतं. ‘देणं-घेणं मानणाऱ्या’ माणसांत तर हे अधिकच ठळक होतं.

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, उलटंही असू शकेल. जो मुळात संस्थेवर जीव टाकतो त्याला सगळंच गोड दिसतं. शंका रास्त आहे. पाहणीवर आधारलेल्या अभ्यासांत ही अडचण राहतेच. पण त्याच वर्षी लिंडा रोड्स, आयझेनबर्गर आणि स्टीफन आर्मेली यांनी त्याच माणसांची काळाच्या अंतराने पुन्हा पाहणी करून तपासलं, तेव्हा आधीच्या पाठबळावरून पुढच्या आस्थेतला बदल सांगता येत होता, उलट दिशेने नाही.

आता मी मुख्य मुद्द्याला येतो, आणि तो तुम्हाला बोचेल.

पाठबळ द्यायचं म्हटलं की तुमच्याकडे धोरण तयार होतं. वेलनेस सप्ताह, समुपदेशनाची हेल्पलाइन, वाढदिवसाला आपोआप जाणारा ईमेल. यांना माझा विरोध नाही. पण १९९७ मध्ये आयझेनबर्गर आणि सहकाऱ्यांनी दाखवलेली एक गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची वाटते. चांगली वागणूक मिळाली तरी कर्मचारी आधी एक गोष्ट ताडून पाहतो : हे यांनी स्वतःहून केलं, की करणं भागच होतं? कायद्याने द्यावी लागलेली सवलत, युनियनने भांडून मिळवलेली वाढ, सगळीकडेच मिळते म्हणून दिलेली सोय, यांनी पाठबळाची भावना फारशी वाढत नाही. संस्थेने आपल्या मर्जीने केलेल्या गोष्टीने ती कितीतरी जास्त वाढते.

यात कर्मचाऱ्याचा कृतघ्नपणा नाही. तुम्हीही त्याच्याबाबतीत नेमका हाच निकष लावता. तो वेळेवर आला, टार्गेट पूर्ण केलं, तर त्यात काय विशेष, पगार त्याचाच घेतोस, असं तुम्हीच म्हणता. तुम्हाला हवं असतं ते त्याने स्वतःहून केलेलं. त्यालाही तेच हवं असतं. दोन्हीकडून जे मोजलं जातं ते मर्जीने दिलेलं.

आणि मर्जी कुणाकडे असते? ज्याच्या हातात थोडंफार काही असतं त्याच्याकडे. कर्मचाऱ्याला संस्था भेटते ती त्याच्या लगेच वरच्या माणसात. सुट्टीचा अर्ज घेऊन तो संचालक मंडळाकडे जात नाही, माझ्याकडे येतो. वडिलांचं ऑपरेशन आहे, चार दिवस हवेत. माझ्यासमोर तेव्हा पोर्टल उघडं असतं. शिल्लक रजा दोन. तिसऱ्या दिवसासाठी साहेबांची मंजुरी, चौथ्यासाठी मनुष्यबळ विभागाची, आणि पोर्टलवर कारणाच्या जागी ड्रॉपडाउन, ज्यात ‘वडील’ नाहीत, ‘वैयक्तिक’ आहे. मग मी जे बोलतो ते तुमच्या प्रत्येक इमारतीत दिवसातून अनेकदा बोललं जातं : ‘माझ्या हातात असतं तर लगेच दिली असती रे.’

हे वाक्य खरं असतं. आणि ते ऐकून तो काय शिकतो? की हा माणूस बरा आहे, पण याच्या हातात काही नाही. आणि ज्यांच्या हातात आहे त्यांना माझे वडील माहीत नाहीत. २००२ मधल्या एका अभ्यासात आयझेनबर्गर यांच्या गटाला हेच आढळलं. लगतच्या वरिष्ठाचा पाठिंबा संस्थेच्या नावावर जमा होतो, पण तो वरिष्ठ संस्थेत वजनदार आहे असं दिसत असेल तर जास्त. ज्याला कुणी विचारत नाही अशा साहेबाचा चांगुलपणा त्याच्याच खात्यावर राहतो, तुमच्या खात्यावर येत नाही. त्याने नोकरी सोडली की तोही गेला.

आमच्यासारख्या मधल्यांसाठी याला आणखी एक बाजू आहे. लिंडा शॅनॉक आणि आयझेनबर्गर यांनी २००६ मध्ये पर्यवेक्षक आणि त्यांच्या हाताखालचे कर्मचारी अशी जोडून पाहणी केली. ज्या पर्यवेक्षकांना संस्था आपल्या पाठीशी आहे असं वाटत होतं, त्यांच्या हाताखालच्यांना त्यांच्याकडून जास्त आधार मिळत होता, आणि त्या कर्मचाऱ्यांचं नेमून दिलेलं व जास्तीचं, दोन्ही काम त्याच्याशी जोडलेलं होतं. आडात असेल तर पोहऱ्यात येईल, एवढं साधं आहे हे. मला दर सोमवारी सर्वांदेखत आकड्यांवरून सोलून काढायचं आणि मंगळवारी मी माझ्या टीमच्या पाठीवर हात ठेवावा अशी अपेक्षा करायची, हे जमणारं नाही. मी जमवतो कधीकधी. पण ते तुमच्यामुळे नव्हे, तुम्ही असूनसुद्धा.

उलट बाजूही पाहिली आहे. एका ठिकाणी आमच्यातल्या एका मुलाने चुकीची किंमत टाकून कोटेशन पाठवलं होतं. वरून फोन आला तेव्हा आमचे तेव्हाचे साहेब स्पीकरवर एवढंच म्हणाले, ‘माझ्या नजरेखालून गेलं होतं ते, जबाबदारी माझी. दुपारपर्यंत दुरुस्ती पाठवतो.’ फोन ठेवल्यावर ते त्या मुलाला केबिनमध्ये घेऊन गेले आणि चांगलं अर्ध्या तासाने तो बाहेर आला. आत काय झालं ते त्याने सांगितलं नाही, चेहऱ्यावरून मिळमिळीत काही झालं नसावं. पण त्यानंतर त्या विभागात कोटेशन बाहेर जाण्याआधी शेजारच्याने एकदा बघायचं ही पद्धत सुरू झाली, कुणीही परिपत्रक न काढता. त्या साहेबांनी एक पैसाही वाटला नव्हता. तोंडघशी पाडायची संधी होती, ती घेतली नाही. आणि ती न घेण्याचा अधिकार त्यांच्याकडे होता.

तेव्हा माझी पहिली मागणी ही आहे : छोट्या गोष्टींची मर्जी खाली येऊ द्या. शिफ्टची अदलाबदल, एक-दोन दिवसांची जादा रजा, अर्ध्या दिवसाची सूट, किरकोळ खर्च, एखाद्या आठवड्यासाठी कामाची फेरवाटणी. यांसाठी मला वरची सही लागू नये.

‘म्हणजे वशिलेबाजीला मोकळं रान!’ असं तुम्ही म्हणणार, आणि हा आक्षेप मी उडवून लावणार नाही. रोड्स आणि आयझेनबर्गर यांनी २००२ मध्ये सत्तरेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा पाठबळाची भावना घडवणाऱ्या गोष्टींत न्याय्य वागणुकीचा क्रमांक सर्वांत वर होता, वरिष्ठाचा पाठिंबा त्यानंतर, आणि बक्षिसं व कामाच्या सोयीसुविधा त्याही मागे. तेव्हा एकाला रजा आणि दुसऱ्याला नन्ना, असं कारण न देता झालं तर केलेलं सगळं पाण्यात. पण यावर उपाय मर्जीच काढून घेणं हा नाही. पगार, बढती, बदली या गोष्टी कडक नियमांनीच चालू द्या. रोजच्या गोष्टींत निर्णय मी घेईन आणि त्याचं कारण उघडपणे सांगेन, एवढं माझ्यावर बंधन घाला. महिन्याला कुणाला काय दिलं याची नोंद विभागाच्या फलकावर लावायला सांगा. मला चालेल.

कारण सांगणं याला तुम्ही फार हलकं लेखता म्हणून एक प्रयोग सांगतो. जेराल्ड ग्रीनबर्ग यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेला. एकाच कंपनीच्या दोन कारखान्यांत १० आठवड्यांसाठी पगार १५ टक्के कापला गेला. तिसऱ्यात कपात नव्हती. कापलेल्यांपैकी एका ठिकाणी वरिष्ठांनी कामगारांपुढे येऊन ही वेळ का आली ते नीट समजावलं, प्रश्न घेतले, मनापासून खेद व्यक्त केला. दुसऱ्या ठिकाणी मोजक्या शब्दांत निर्णय कळवला, विषय संपला. कपातीच्या काळात कारखान्यातल्या चोऱ्या वाढल्या, पण जिथे नुसतं कळवलं होतं तिथे त्या बऱ्याच जास्त वाढल्या. पैसे दोन्हीकडे सारखेच कापले होते. तुमच्या ‘वरून आलंय’ या दोन शब्दांची किंमत यावरून काढा.

इथवर वाचून एखादा उत्साही व्यवस्थापक म्हणेल, ठीक आहे, पाठबळ देऊ, मग रकाना ठेवायला काय हरकत? हरकत आहे. जास्तीचं काम एकदा अपेक्षेत बसलं की ते जास्तीचं राहत नाही, सक्ती होते. एरन विगोदा-गदोत यांनी २००६ पासून या सक्तीच्या ‘स्वेच्छेवर’ लिहिलंय. वरिष्ठांच्या किंवा गटाच्या दबावाखाली केलेलं हे वागणं ताण, थकवा आणि नोकरी सोडण्याच्या विचाराशी जोडलेलं दिसतं. मार्क बोलिनो आणि विल्यम टर्नली यांनाही २००५ मध्ये आढळलं की सतत पुढाकार घेणाऱ्यांवर कामाचा भार, ताण आणि घर-नोकरीतली ओढाताण जास्त असते. आमच्याकडे याला ‘काम करणाऱ्यालाच काम’ म्हणतात. एकदा हो म्हटलं की पुढच्या वेळी तुम्ही विचारतही नाही, त्याच्याकडे पाठवूनच देता.

एक प्रकार तर सरळ फसवणुकीचा आहे. विभागातले तीन जण गेले, जागा भरल्या नाहीत, उरलेल्यांनी त्यांचं काम ओढलं, आणि स्नेहसंमेलनात तुम्ही त्यांना ‘कर्तव्यापलीकडे जाणारे’ म्हणून गुलदस्ता दिला. हे कर्तव्यापलीकडे नव्हे. ही रिकामी पदं आहेत. गुलदस्त्याऐवजी जाहिरात काढा.

आणि या रकान्यात कुणाला किती मिळतं तेही एकदा तपासा. मॅडेलिन हाइलमन आणि ज्युली चेन यांनी २००५ मध्ये प्रयोगांतून दाखवलं की सहकाऱ्याला तीच मदत पुरुषाने केली तर त्याचं मूल्यमापन वर जातं, बाईने केली तर जात नाही. आणि मदत नाकारली तर बाईचं खाली येतं, पुरुषाचं येत नाही. तिने केलं ते स्वभावात गेलं, त्याने केलं ते योगदान झालं. तुमच्या कार्यालयात बैठकीचं टिपण कोण घेतं, निरोप समारंभाची वर्गणी कोण गोळा करतं, नवीन आलेल्याला कुणाच्या शेजारी बसवतात, हे डोळ्यांसमोर आणा. मग यातलं काय काय कुणाच्या फॉर्मवर उतरलं ते पाहा. माझ्या मते काहीच नाही. बिलिंगमधल्या बाईंच्या जागी एखादा पुरुष असता तर त्या वहीला ‘डेटाबेस’ म्हणाले असते अशी मला दाट शंका आहे, पण ती सिद्ध करता येणार नाही.

कंत्राटी माणसांबद्दल थोडंच लिहितो, कारण फार लिहिण्यासारखं तिथे काही नाही. त्यांना बैठकीला बोलवत नाही, ओळखपत्राचा पट्टा वेगळ्या रंगाचा, अकरा महिन्यांनी खंड. आणि अपेक्षा मात्र ‘संस्था आपली समजून काम करा’. कशावरून समजायची?

शेवटचा मुद्दा बोलण्याचा. ऑर्गन यांनी या वागण्याचे जे प्रकार सांगितले त्यात मदत, चोखपणा, कुरकुर न करणं, आधी कळवून ठेवणं यांच्याबरोबर एक पाचवा होता : संस्थेच्या कारभारात जबाबदारीने लक्ष घालणं. बैठकीत जे चुकतंय ते बोलून दाखवणं त्यातच येतं. तुम्हाला पहिले चार आवडतात. पाचवा आला की कपाळावर आठी पडते. एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या गटांत औषधांच्या चुका तपासल्या. १९९६ मध्ये त्यांनी मांडलेले निष्कर्ष उलटेच वाटावेत असे होते : ज्या गटांत नेतृत्व चांगलं आणि संबंध मोकळे, तिथे नोंदलेल्या चुका जास्त. त्या गटांत चुका जास्त होत नव्हत्या, तिथे त्या सांगायला कुणी घाबरत नव्हतं. आता विचार करा, तुमच्या डॅशबोर्डवर कोणता गट लाल दिसला असता? आणि कोणत्या पर्यवेक्षकाला तुम्ही बोलावून घेतलं असतं?

पाठबळ असलेल्या जागेतून तुमच्यापर्यंत वाईट बातम्या जास्त येतील. तयारी असेल तरच या वाटेला जा. नसेल तर पाट्या टाकणारी माणसं आणि हिरवे डॅशबोर्ड तुमच्याकडे आहेतच, ते तसेच चालू राहतील.

मागण्या तशा चारच आहेत. कर्मचाऱ्याच्या फॉर्मवरून तो रकाना काढा. आमच्या, म्हणजे पर्यवेक्षकांच्या फॉर्मवर त्या जागी हाताखालच्यांनी निनावी भरायचा रकाना घाला : अडचणीत हा माणूस पाठीशी उभा राहिला का, निर्णयाचं कारण सांगितलं का, चूक सांगायची भीती वाटते का. हाच रकाना तुमच्या फॉर्मवर आम्हाला भरू द्या. आणि छोट्या गोष्टींचे अधिकार, वर म्हटलं तसे, खाली सोपवा.

यंदाचे माझ्या टीमचे फॉर्म मी भरून पाठवतो आहे. शेवटचा रकाना सगळ्यांचा कोरा ठेवला आहे आणि त्यात या पत्राचा संदर्भ लिहिला आहे. सिस्टीम तो कोरा स्वीकारत नाही असं मला सांगण्यात आलं, म्हणून छापील प्रत काढून सही-शिक्क्यासह देतोय. पोच मिळावी.

कळावे,

आपला विश्वासू,
मधल्या फळीतला एक पर्यवेक्षक